रंगभारवादी चित्रं कशी पाहावीत? नवशिक्यांसाठी पायरीपायरीनं

बाईच्या चेहऱ्यावर हिरवा पट्टा, समुद्र गुलाबी, झाडाची खोडं लालभडक. रंगभारवादी, म्हणजेच फोव्ह, चित्रकारांचं काम पहिल्यांदा पाहताना बहुतेकांना वाटतं की यांनी हाताला लागेल तो रंग लावला आहे. हा समज घालवण्यासाठी मी हे लिहितो आहे. उजेड कुठे, अंधार कुठे, जवळ काय, लांब काय हे दाखवायचं काम या चित्रकारांनी सावलीकडून काढून रंगाकडे दिलं, आणि रंग ते काम फार नेमकेपणानं करतो. वाचून हे पटेलच असं नाही. एकेक चित्र समोर ठेवून, स्वतः तपासून पाहायला हवं.

त्यासाठी लागेल मोबाइल किंवा संगणक, पोस्टकार्डाएवढा पांढरा जाड कागद, जुनं वर्तमानपत्र, मोजपट्टी आणि शेवटच्या पायरीसाठी पोस्टर कलर. फ्रेंच कलेचा इतिहास आधीपासून माहीत असण्याची गरज नाही. लागेल तेवढा इथेच सांगतो.

आधी थोडी ओळख

१९०५ साली पॅरिसच्या ग्राँ पॅलेमध्ये ‘सालों दोतोन’ हे शरद ऋतूतलं प्रदर्शन भरलं. त्याच्या सातव्या खोलीत आंरी मातीस, आंद्रे दरँ, मॉरिस व्लामँक आणि त्यांच्या काही मित्रांची चित्रं एकत्र लावली होती. त्याच खोलीत आल्बेर मार्क या शिल्पकाराचं इटालियन रेनेसाँच्या वळणाचं शिल्पही होतं. समीक्षक लुई व्होसेलनं १७ ऑक्टोबरच्या ‘जील ब्लास’ या दैनिकात लिहिताना त्या शिल्पाला ‘रानटी श्वापदांमधला दोनातेल्लो’ म्हटलं. दोनातेल्लो हा रेनेसाँ काळातला इटालियन शिल्पकार. श्वापदांसाठी फ्रेंच शब्द ‘फोव्ह’, आणि तेच नाव या चित्रकारांना कायमचं चिकटलं. मराठीत या चळवळीला रंगभारवाद म्हणतात.

चळवळ म्हटलं तरी तिचा जाहीरनामा नव्हता, सभासदांची यादी नव्हती. १९०४ ते १९०८ एवढाच तिचा जोमाचा काळ. मातीस, मार्के, मांगँ, कामवाँ हे गुस्ताव्ह मोरो या शिक्षकाच्या हाताखाली शिकलेले. दरँ आणि व्लामँक पॅरिसजवळच्या शातू गावातले मित्र. द्युफी, फ्रिएझ आणि ब्राक थोडे मागाहून आले. एवढी नावं सुरुवातीला पुरेत.

पहिली पायरी: पडदा नीट करा, चित्राचा आकार ओळखा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. रंगावरच उभ्या असलेल्या चित्रांच्या बाबतीत ती गाळून चालत नाही.

मोबाइलवरचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करा. ‘व्हिव्हिड’सारखी रंग वाढवणारी सेटिंग असेल तर ती साधी करा. चित्र शोधताना समोर येईल त्या प्रतिमेवर टिचकी मारू नका, ज्या संग्रहालयात मूळ चित्र आहे त्याच्या संकेतस्थळावर जा. पोस्टर आणि कॉफीचे मग विकणाऱ्यांच्या पानांवर या चित्रांचे रंग हमखास चढवलेले असतात. फोव्ह चित्र आधीच तेजस्वी असतं, त्यावर आणखी तिखट चढलं की त्यातला तोल दिसेनासा होतो.

मग आकार. मातीसचं ‘हिरवी रेघ’ हे व्यक्तिचित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे आणि ते अवघं ४०.५ बाय ३२.५ सेंटिमीटरचं आहे. वर्तमानपत्राचा तेवढा तुकडा कापून भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उलट त्याचं ‘जगण्यातला आनंद’ हे फिलाडेल्फियाच्या बार्न्स संग्रहातलं चित्र जवळजवळ पावणेदोन मीटर उंच आणि दोन मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद आहे. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. प्रत्यक्षात पहिल्यासमोर आपण वाकून पाहतो आणि दुसऱ्यापासून मागे सरकतो.

याच मोठ्या चित्राबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यात वापरलेला कॅडमियम पिवळा शंभर वर्षांत बिघडला आहे, कुठे फिका पडला आहे तर कुठे तपकिरी झाला आहे. मातीसनं जे लावलं ते जसंच्या तसं आपल्यासमोर नाही. म्हणून एखाद्या चित्रातला मळकट भाग पाहून चित्रकाराचा अंदाज चुकला असं लगेच ठरवू नका.

दुसरी पायरी: एकाच चित्रावर थांबा

सुरुवात ‘हिरवी रेघ’पासूनच करा. १९०५ सालचं हे चित्र मातीसची पत्नी आमेली हिचं आहे. केस निळसर काळे, वर बांधलेले. मागची भिंत हिरव्या, जांभळट गुलाबी आणि नारिंगी अशा तीन तुकड्यांत वाटलेली. चेहऱ्याची एक बाजू पिवळसर, दुसरी गुलाबी. आणि कपाळापासून नाकावरून हनुवटीपर्यंत उतरणारी ती हिरवी रेघ.

आता पांढऱ्या कागदानं चेहऱ्याची एक बाजू झाका, मग ती उघडून दुसरी झाका. एका बाजूचा चेहरा उन्हातला वाटतो, दुसऱ्या बाजूचा आतल्या उजेडातला. हा फरक दाखवायला मातीसनं कुठेही काळा किंवा तपकिरी मिसळून गाल गडद केलेला नाही. महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या अनेकांच्या हाताला एक सवय असते: वस्तूचा रंग घ्यायचा, सावलीकडे तोच गडद करायचा, उजेडाकडे फिका. मातीसनं ही रीत सोडली. दोन बाजूंना दोन वेगळे रंग दिले आणि त्यांच्या सीमेवर तिसरा उभा केला. हिरवी रेघ तिथेच आहे जिथे उजेड आणि सावली एकमेकांना भेटतात.

आता बोटाच्या टोकानं नाकावरची रेघ झाका. चेहरा सपाट होतो, नाकाची उंची जाते. माझ्या मते रंगभारवाद समजून घ्यायला याहून चांगला दुसरा धडा नाही. पुढच्या पायऱ्या घाईत करा हवं तर, पण इथे वेळ द्या.

तिसरी पायरी: रंग काढून पाहा

चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि फोटो एडिटरमध्ये तो कृष्णधवल करा. ‘हिरवी रेघ’ रंगाशिवायही उभी राहते. केस, भुवया, डोळे गडद राहतात, चेहरा उजळ राहतो, माणूस ओळखू येतो. रंग भलते असले तरी गडद-फिक्याची मांडणी शाबूत आहे. चित्रकलेच्या वर्गात याला टोन म्हणतात.

हाच प्रयोग दरँनं फ्रान्समधल्या कोलिऊर या गावी केलेल्या निसर्गचित्रांवर करा. तिथे काही भाग कृष्णधवल केल्यावर विरघळून जातात, कारण शेजारी शेजारी ठेवलेला लाल आणि हिरवा जवळजवळ सारखेच गडद असतात. रंगात जी कड स्पष्ट होती, तीच राखाडीत हरवते. उन्हात तळपल्यासारखं जे वाटतं त्याचं एक कारण हेच. दोन रंग वेगळे आहेत हे डोळ्याला कळतं, पण गडद-फिक्यात फरक न मिळाल्यानं त्यांची सीमा स्थिर होत नाही, आणि चित्र हलल्यासारखं भासतं.

तेव्हा दर चित्रापुढे विचारा: रंग काढला तर काय उरतं आणि काय जातं? जे जातं, ते केवळ रंगावर तोललेलं होतं.

४ नोव्हेंबर १९०५ च्या ‘लिलुस्त्रासिओं’ या फ्रेंच साप्ताहिकानं त्या प्रदर्शनातली ही गाजलेली चित्रं छापली ती कृष्णधवलच. पॅरिसबाहेरच्या हजारो वाचकांना या चित्रकारांची पहिली ओळख अशी रंगाविना झाली.

चौथी पायरी: जोड्या शोधा

लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. या पूरक रंगांच्या जोड्या. शेजारी आल्या की दोघांचंही तेज वाढतं. ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीनं मांडली ती मिशेल यूजीन शेव्ह्रल या रसायनशास्त्रज्ञानं. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी येत. रंग तपासला तर तो ठीक होता, फरक पडत होता शेजारच्या रंगामुळे. त्याचे निष्कर्ष १८३९ साली प्रसिद्ध झाले आणि पुढे स्यरा आणि सिन्याक या चित्रकारांनी त्यांच्या आधारे ठिपक्या-ठिपक्यांनी चित्रं रंगवली.

१९०४ च्या उन्हाळ्यात मातीस सँ-त्रोपेला सिन्याकच्या शेजारी काम करत होता. तिथून निघालेलं ‘ऐश्वर्य, शांती आणि विलास’ हे चित्र ठिपक्यांच्या शिस्तीतलं आहे, आणि ते सिन्याकनंच विकत घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात मातीस स्पेनच्या सरहद्दीजवळच्या कोलिऊर या मासेमारीच्या गावी गेला, दरँ त्याच्याकडे आला, आणि तिथे ठिपके सुटे होऊन फटकारे झाले, फटकाऱ्यांचे सपाट पट्टे झाले. ही दोन वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावून पाहा. इतका मोठा बदल इतक्या कमी वेळात कसा झाला याचं उत्तर त्या फरकात आहे.

जोड्या शोधायला सर्वांत सोपं चित्र म्हणजे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनातलं ‘उघडी खिडकी, कोलिऊर’. खिडकीबाहेर बंदर आहे. होड्यांची अंगं निळी, त्यांवरच्या डोलकाठ्या नारिंगी, खालचं पाणी गुलाबी. खोलीच्या आत एका बाजूची भिंत निळसर हिरवी, समोरची गडद गुलाबी. कागदानं डोलकाठ्या झाका. होड्यांचा निळा लगेच मवाळ होतो. काढा, पुन्हा चढतो.

आता त्याच चित्रात हात कसा चालला आहे ते पाहा. आतल्या भिंती रुंद, सपाट लेपांच्या. खिडकीच्या कडेचा वेल छोट्या टिपक्यांचा. बाहेरचं पाणी आखूड आडव्या फटकाऱ्यांचं. जागा बदलली की ब्रशची बोली बदलते, आणि आपल्याला आत-बाहेर कळतं. यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) रेषा इथे फारसं काम करत नाहीत.

पाचवी पायरी: न रंगवलेल्या जागा मोजा

कोलिऊरच्या चित्रांत फटकाऱ्यांच्या मधून कॅनव्हासचा पांढरा थर दिसत राहतो. नवख्याला ते अर्धवट वाटतं. पण दोन तेजस्वी रंग थेट भिडले तर एकमेकांत मिसळून मळतात किंवा भांडतात. मध्ये पांढऱ्याची एक बारीक फट राहिली की दोघंही स्वच्छ राहतात, आणि सगळ्या चित्रात उजेड मागून येतो असं वाटतं. चित्र मोठं करून फक्त हे पांढरे तुकडे शोधत फिरा. ते कडांशी असतात, उन्हाच्या जागी असतात, क्वचितच सावलीत असतात.

सहावी पायरी: एकच विषय, दोन हात

आता तुलना. दोन जोड्या सुचवतो.

पहिली लंडनची. क्लोद मोने या इंप्रेशनिस्ट चित्रकारानं टेम्स नदीची धुक्यातली चित्रं १९०४ मध्ये पॅरिसला मांडली आणि ती गाजली. ते यश पाहून व्होलार या चित्रव्यापाऱ्यानं दरँला लंडनला पाठवलं. दरँनं तिथे तीसएक चित्रं केली. दोघांचेही चेअरिंग क्रॉस पुलाचे देखावे पाहा. मोनेच्या पुलाला धुकं गिळतं, सगळं एका हवेत बुडतं. वॉशिंग्टनमधल्या दरँच्या चित्रात नदीवर पिवळा आहे, आकाशात गुलाबी, आणि इमारती निळ्या-हिरव्या होऊन ठामपणे उभ्या आहेत. मोने अमुक वेळचा उजेड पकडतो. दरँ ती वेळ सोडून देतो आणि शहर रंगांत नव्यानं बांधतो. इंप्रेशनिस्ट आणि फोव्ह यांतला फरक विचारणाऱ्याला मी ही दोन चित्रं दाखवतो.

दुसरी जोडी ल आव्ह्र बंदराची. १९०६ मध्ये राउल द्युफी आणि आल्बेर मार्के या दोघांनीही तिथले राष्ट्रीय सणाच्या दिवशी झेंड्यांनी सजलेले रस्ते रंगवले. द्युफी झेंड्यांच्या रंगपट्ट्यांनाच चित्र करतो. मार्के रस्त्याचा राखाडी राखतो आणि त्यावर झेंडे चमकवतो. मार्के मला फार आवडतो. रंगभारवादी म्हणजे ओरडणारा, हा ग्रह त्याच्यापुढे टिकत नाही.

व्लामँकचा जोर मात्र वेगळा. तो कुठल्याही कलाशाळेत शिकलेला नव्हता. सायकलच्या शर्यती आणि व्हायोलिन वाजवणं यांवर त्यानं पोट भरलं होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधलं ‘शातूची सेन नदी’ हे त्याचं चित्र पाहा. लाल-नारिंगी झाडं आणि पाण्यावर जाड रंगाचे एकावर एक थर. १९०१ मध्ये पॅरिसला भरलेल्या व्हॅन गॉगच्या प्रदर्शनानं तो भारावून गेला होता. त्याच प्रदर्शनात दरँनं त्याची मातीसशी ओळख करून दिली.

सातवी पायरी: स्वतः एक चित्र करा

तुम्ही चित्रकार नसलात तरी ही पायरी टाळू नका. दोन तास पुरतात, आणि नंतर पाहण्यात जो फरक पडतो तो वाचनानं पडत नाही.

पोस्टर कलर घ्या. ते अपारदर्शक असतात, लवकर वाळतात, स्वस्तही असतात. बाटल्यांतून काळा आणि तपकिरी बाजूला काढा. लेमन यलो, ऑरेंज, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, एक आकाशी निळा, एक गडद हिरवा, जांभळा आणि भरपूर पांढरा एवढं राहू द्या. जाड कार्ट्रिज पेपर, दोन चपटे ब्रश, पाण्याचे दोन डबे. एक डबा ब्रश धुवायला, दुसरा फक्त स्वच्छ पाण्याचा. रंग मळतात ते बहुतेकदा या दुसऱ्या डब्याच्या अभावी.

विषय घरातलाच घ्या, खिडकी आणि तिच्यातली कुंडी. पेन्सिल नको, पातळ निळ्या रंगानं ब्रशनंच रेखाटन करा, मोठे आकार तेवढे.

मग डोळे बारीक करून समोर पाहा आणि दृश्याचे तीनच भाग करा: उजळ, मधला, गडद. आता वस्तूचा खरा रंग विसरा आणि या तीन भागांना रंग वाटा. उजळाला लेमन यलो, फिका गुलाबी, फिका आकाशी. मधल्याला नारिंगी, व्हर्मिलियन, पांढरा मिसळलेला हिरवा. गडदाला अल्ट्रामरीन, जांभळा, क्रिमसन. एक नियम पाळा: उजेडात उष्ण रंग घेतला तर सावलीत शीत घ्या. भिंतीचा उजळ भाग पिवळा असेल तर तिची सावली जांभळी येऊ द्या. कुंडीचा उन्हाकडचा भाग नारिंगी असेल तर दुसरी बाजू निळी.

फटकारा एकदाच मारा आणि सोडून द्या. कागदावर रंग घोळवू नका. दोन रंगांच्या मध्ये कागदाची पांढरी फट राखा. सर्वांत महत्त्वाचं, सगळ्या रंगांना सारखी जागा देऊ नका. नवख्यांची चित्रं इथेच फसतात. लाल, निळा, पिवळा, हिरवा समान वाटले की कुणाचंच ऐकू येत नाही. चित्राचा निम्म्याहून अधिक भाग शांत ठेवा, पांढऱ्यानं फिकटलेल्या गुलाबी-आकाशीचा, आणि लाल थोडासाच वापरा. मातीसची चित्रं पुन्हा उघडून पाहा, तीव्र रंगाच्या भोवती किती मऊ जागा आहे ते दिसेल.

झाल्यावर चित्राचा फोटो काढून कृष्णधवल करा. खिडकी ओळखू आली तर टोन बरोबर बसला. नाही आली तर कुठला मधला रंग गडदात शिरला ते शोधा आणि दुसरा कागद घ्या.

आठवी पायरी: मूळ चित्रं कुठे पाहाल

प्रवासाचा योग आलाच, तर कुठे काय आहे ते माहीत असावं. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयात मातीसचं ‘टोपी घातलेली स्त्री’ आहे. १९०५ च्या प्रदर्शनात सर्वांत जास्त हसू झालेलं हे चित्र. स्टाइन या अमेरिकन संग्राहक कुटुंबानं ते तेव्हा ५०० फ्रँकला घेतलं. बे एरियात राहणाऱ्या मराठी वाचकांना तर ते सुट्टीच्या दिवशीही पाहता येईल. लंडनच्या टेट संग्रहात मातीस आणि दरँ यांनी १९०५ मध्ये एकमेकांची केलेली व्यक्तिचित्रं आहेत, आणि दरँचं टेम्सवरच्या बोटींचं चित्रही. पॅरिसमध्ये ओर्से संग्रहालयाला जा. पाँपिदू केंद्र दुरुस्तीसाठी २०२५ पासून काही वर्षं बंद आहे, तेव्हा त्याच्या भरवशावर बेत आखू नका. दक्षिणेकडे सँ-त्रोपेत जुन्या चॅपलमध्ये ‘लानोंसियाद’ हे छोटं संग्रहालय आहे, तिथे सिन्याकपासून फोव्हांपर्यंतचा धागा एका फेरीत हाती लागतो. कोलिऊरमध्ये मातीस आणि दरँ यांनी जिथे उभं राहून चित्रं काढली, तिथे तिथे त्यांच्या प्रतिकृती लावलेल्या आहेत. सकाळी लवकर जा, उन्हाळ्यात गर्दी फार असते.

संग्रहालयात चित्रापुढे आधी दूर उभे राहा, मग जवळ जा, मग पुन्हा दूर. फोटो शेवटी काढा.

पुढे काय

१९०७ मध्ये पॅरिसला सेझानच्या चित्रांचं मोठं स्मृतिप्रदर्शन भरलं आणि अनेक फोव्हांचं लक्ष रंगाकडून आकाराच्या बांधणीकडे वळलं. ब्राकनं १९०६ मध्ये एस्ताकचा किनारा गुलाबी-पिवळ्यात रंगवला होता. दोन वर्षांत त्याच गावाची घरं त्यानं मातकट आणि हिरव्या ठोकळ्यांत मांडली, आणि तिथून घनवादाकडे (क्युबिझमकडे) रस्ता गेला. ही दोन चित्रं शोधून शेजारी ठेवा. दरँही रंग आवरता घेत गेला. मातीस मात्र रंगावरच राहिला. १९०८ सालची त्याची लाल खोली आता सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. तिथे भिंत आणि टेबल एकाच लालात आहेत आणि तरीही टेबल भिंतीपासून सुटं दिसतं. ते कसं साधलं, हे दुसऱ्या आणि चौथ्या पायरीतला कागद हातात घेऊन शोधा. वेलबुट्टीच्या निळ्या वळणांपासून सुरुवात करा.